पुडिंगफेक्याचा अर्धा तास

मंगळवार, ता. १२ ऑक्टोबर १९५४ ची रात्र. इंग्लंडांत घरोघरीं रेडिओ लागलेला आहे. ज्या भारदस्त आवाजानें एरव्हीं बी. बी. सी. च्या बातम्या सांगावयाच्या, त्याच आवाजानें निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड हे एक कथा सांगूं लागतात. १९४१ सालीं, ऐन महायुद्धांत, बेक्सहिल नांवाच्या समुद्रकांठच्या गांवीं काळोखांतून फिरावयास निघालेल्या एका वृद्ध बाईच्या अंगावर कोणीं तरी ऊन ऊन पुडिंग फेकून मारिलें. मारणारा कोण, कशासाठीं मारतो आणि तो पुन्हां कोणास मारील, याचा तपास पुढें अर्धा तास चालतो, आणि मग निवेदक श्रोत्यांचा निरोप घेतात. "गून शो" या कार्यक्रमाच्या पांचव्या मालेंतील हा तिसरा भाग. त्याचें नांव, "बेक्सहिल-ऑन-सी येथील भयंकर पुडिंगफेक्या".

पुडिंग म्हणजे येथें साखरेचें पक्वान्न समजूं नये. मैदा, अंडीं व दूध यांचें धिरड्याच्या पिठाहूनही सैल असें पीठ कालवावयाचें, तें तापलेल्या चरबींत ओतून भट्टींत सारावयाचें, म्हणजे फुगून टम्म होतें. हें बॅटर पुडिंग. भाजलेल्या मांसाबरोबर इंग्रज लोक तें आवडीनें खातात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत त्यास प्रवेश मिळावयाचा नाहीं, हें उघड आहे. पण फेकून मारावयास पदार्थ चांगला, एवढें आमच्या वहिनींनींही मान्य केलें आहे.

हा विनोद त्या वेळच्या श्रोत्यांस कोठें जाऊन लागला असेल, हें समजण्यास एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. युद्धकाळांत इंग्लंडमध्यें अन्न नासणें हा कायद्यानें गुन्हा ठरलेला होता, आणि शिधापत्रकांचें लोढणें युद्ध संपल्यावरही नऊ वर्षें लोकांच्या गळ्यांत राहिलें. मांसावरील नियंत्रण उठून तें अखेर सुटलें ४ जुलै १९५४ रोजीं. म्हणजे ज्यांनीं अंडें न् अंडें मोजून खाल्लें होतें अशा लोकांपुढें, नियंत्रण उठून पुरते चार महिने झाले नाहींत तोंच, एक इसम अख्खीं पुडिंगें अंधारांत भिरकावीत सुटला होता!

या पुडिंगफेक्याचा जनक आमच्या नगरचा. टेरेन्स ॲलन मिलिगन, जगास ठाऊक असलेलें नांव स्पाइक मिलिगन, याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजीं अहमदनगर येथें झाला. त्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर असें झालें आहे. वडील लिओ मिलिगन हे आयरिश. हिंदुस्थानांतील ब्रिटिश लष्करांत नोकरीस होते आणि लष्करी चाकरी संभाळून नाटकांत व गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांत हौसेनें कामें करीत. स्पाइकचें बालपण पुण्यास गेलें. तेथें कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेंत तो कांहीं काळ शिकला. मग बापाच्या बदलीबरोबर रंगून, आणि कुमारवयांत इंग्लंड. ज्या देशास तो जन्मभर "घर" म्हणून ऐकत आला, तो देश त्यानें पाहिला तेव्हां त्यास थंडी, धुकें आणि गरिबी यांखेरीज तेथें फारसें कांहीं आढळलें नाहीं. लंडनच्या दक्षिण भागांत राहून लहानसहान नोकऱ्या कराव्या, रात्रीं जाझच्या ताफ्यांत तुतारी फुंकावी, असे दिवस चालले असतां युद्ध आलें व १९४० मध्यें तो तोफखान्यांत भरती झाला. त्याचें ठाणें पडलें तें याच बेक्सहिल गांवीं.

पुडिंगफेक्याचें मूळ शोधावयाचें तर तें येथें सांपडतें. पलीकडे फ्रान्सचा किनारा शत्रूच्या ताब्यांत. स्वारी आज होईल कीं उद्यां होईल, याचा नेम नाहीं. गांवांत दिवा दाखवावयाची बंदी. आणि या किनाऱ्याचें रक्षण करण्यास मिलिगनच्या पथकापाशीं काय होतें? पहिल्या महायुद्धांतल्या ९·२ इंची जुन्या तोफा; आणि त्यांत घालून सराव करावयास गोळे नाहींत! मिलिगननें पुढें १९७१ सालीं लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकांत सांगितलें आहे कीं, सरावाच्या वेळीं सर्व गोलंदाज एकदम तोंडानें "धडाम्" असें ओरडत. गोष्ट थोडी फुगविलेली असेल. विनोदी लेखकाच्या आठवणींस रुपयाचे सोळाच आणे धरूं नयेत. तथापि नभोवाणीवर आवाजाच्या बळावर सैन्यें उभीं करणारा हा मनुष्य, पहिली तोफ तोंडानें उडवावयास शिकला, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

१९४३ च्या जानेवारींत त्याचें पथक बोटीनें अल्जीरियास गेलें. पुडिंगफेक्याची कथाही बेक्सहिलहून निघते ती अल्जीरियासच जाते. लेखकानें आपलाच प्रवास पात्रांकडून पुन्हां करविला आहे. आफ्रिकेंतील त्या मोहिमेंत एकदां मिलिगनच्या पथकाची एक अवजड तोफ उडतांना मागें सरकली ती थेट कड्यावरून खालीं गेली. खालीं एका बिनतारी संदेशाच्या गाडींत हॅरी सीकोम नांवाचा वेल्श गोलंदाज बसला होता. तोफ त्याच्या गाडीजवळून गडगडत गेली, आणि थोड्या वेळानें वरून एक शिपाई येऊन, येथें कोणास तोफ दिसली काय, अशी चौकशी करूं लागला. तो मिलिगन. हीच पुढील काळच्या दोन सहकाऱ्यांची पहिली भेट. एखादें पुडिंग कोठून आलें याची चौकशी आणि एखादी तोफ कोठें गेली याची चौकशी, यांत फारसें अंतर नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

पण या प्रवासाचा दुसरा शेवट हंसण्यासारखा नव्हता. १९४४ च्या जानेवारींत इटलींत मॉन्टे कॅसिनोच्या लढाईंत उखळी तोफेच्या गोळ्यानें मिलिगन जखमी झाला. पायाची जखम भरली. मन मात्र पुरतें सांवरलें नाहीं. पुन्हां तोफांच्या आवाजापाशीं नेल्यावर त्याचा धीर सुटला, आणि त्याच्या वरिष्ठानें सहानुभूति दाखविण्याऐवजीं त्याचा हुद्दा काढून घेतला. त्यास लढाईवरून हलवून करमणुकीच्या ताफ्यांत घालण्यांत आलें. गोळ्यांच्या आवाजानें मोडलेला मनुष्य दहा वर्षांनीं देशभर लोकांस गोळ्यांच्या आवाजानें हंसवूं लागला. पुडिंगफेक्याच्या आरंभींच एक प्रसंग आहे. अंधारांत काडी ओढूं नये, समुद्रापलीकडून शत्रु पाहील, असा वाद निघतो. एवढ्या लांबून इवलीशी काडी कोण पाहतो, असें म्हणून काडी ओढली जाते. क्षणभर शांतता, मग दुरून येणारी गोळ्याची शीळ, आणि प्रचंड स्फोट! प्रेक्षागृहांत हंशा उसळतो. ती शीळ मिलिगननें ज्या कानांनीं ऐकली होती, ते कान हंसणारांपैकीं कितीकांचे असतील? बहुतेक सर्व पुरुषांचे असतील, असें आम्हांस वाटतें. आणि म्हणूनच तो हंशा इतका मोठा आहे.

युद्धानंतर लंडनमध्यें जिमी ग्राफ्टन या विनोदी लेखकाच्या पानगृहांत चार तरुण जमूं लागले: मिलिगन, सीकोम, मायकेल बेंटाइन व पीटर सेलर्स. सेलर्स हा वैमानिक दळाच्या करमणूक पथकांतून आलेला. त्या निमित्तानें तोही हिंदुस्थान, सिलोन व ब्रह्मदेश हिंडला होता आणि वाटेल त्याचा आवाज काढण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. यांचा कार्यक्रम २८ मे १९५१ रोजीं सुरू झाला तो "वेडी माणसें" अशा अर्थाच्या नांवानें; "गून शो" हें नांव त्यास १९५२ च्या जानेवारींत, दुसऱ्या मालेपासून, मिळालें. "गून" हा शब्द पॉपाय नाविकाच्या चित्रकथांतील एका मंदबुद्धि राक्षसजातीचा. बी. बी. सी. च्या एका अधिकाऱ्यानें तो कागदावर वाचून, "हा 'गो ऑन शो' म्हणजे काय?" असें विचारल्याचें सांगतात. कचेऱ्या सर्वत्र सारख्याच!

बेंटाइन दुसऱ्या मालेनंतर बाहेर पडला. लिखाणाचा मुख्य भार मिलिगनवर होता. आठवड्यास एक अर्ध्या तासाची संहिता, आणि त्यांत स्वतः अनेक पात्रांचीं कामें. १९५२ च्या अखेरीस, तिसरी माला चालू असतां, त्याचें मन पूर्णपणें ढांसळलें आणि त्यास इस्पितळांत ठेवावें लागलें. कित्येक भाग त्याच्यावांचून पार पाडावे लागले. हा विकार त्यास जन्मभर पुरला. त्यास सध्यां जें वैद्यकीय नांव देतात त्यांत उन्माद व खिन्नता यांचे झोके येतात. आपल्याकडे अशा माणसास "लहरी" म्हणून सोडून देण्याची चाल आहे. घरांत असा मनुष्य असलेल्या कुटुंबांस त्या शब्दाचा तोकडेपणा ठाऊक असेल. पुडिंगफेक्या लिहिला गेला तो या आजारानंतर दोनच वर्षांनीं, २६ भागांच्या एका मालेच्या तोंडाशीं, आणि एकट्या मिलिगनच्या हातून.

आतां हा भाग तयार कसा झाला तें पाहूं. ध्वनिमुद्रण झालें रविवारीं, ता. १० ऑक्टोबर रोजीं. म्हणजे ध्वनिक्षेपणाच्या अवघे दोन दिवस आधीं. रविवारीं नटमंडळी जमावयाची, संहिता वाचावयाची, वाद्यवृंदाबरोबर तालीम करावयाची, आणि मग जमलेल्या प्रेक्षकांपुढें सबंध कार्यक्रम एका दमांत उभा करावयाचा. चुकल्यास थांबून दुरुस्ती करण्याची चैन फारशी नव्हती. जें झालें तें झालें. मधें दोन संगीताचे तुकडे: मॅक्स गेल्ड्रे या डच वादकाची माउथ ऑर्गनवरची करामत आणि रे एलिंग्टनच्या चौकडीचें गाणें. वाद्यवृंद वॉली स्टॉट यांचा; याच कलावंत पुढें अँजेला मोर्ली या नांवानें चित्रपटसंगीतांत प्रसिद्धीस आल्या.

निर्माता पीटर ईटन हा नाट्यविभागांतून आलेला. विनोदी कार्यक्रमांत तोंपर्यंत दार लोटलें, घंटा वाजली, एवढ्या आवाजांवर भागत असे. ईटननें या टोळक्यास नाट्यविभागाची शिस्त लाविली. आवाज दोन प्रकारचे: कांहीं तेथल्या तेथें हातानें काढावयाचे, म्हणजे नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा, वाळूखड्यांच्या ताटांत पाय वाजवून चालणें, चौकटींत बसविलेलीं दारें व कड्या, दुसरे तबकड्यांवर वा फितीवर आधीं घेऊन ठेवलेले, ते नेमक्या शब्दावर सुई ठेवून सोडावयाचे. मिलिगनच्या संहितांत या आवाजांच्या सूचना अशा असत कीं, तंत्रज्ञांनीं डोक्यास हात लावावा. एकदां म्हणे त्यास भिंतीवर आदळणाऱ्या कस्टर्डचा आवाज पाहिजे होता. त्यानें उपाहारगृहांतील बायांकडून कस्टर्ड करवून घेतलें, पायांतला मोजा काढून त्यांत तें भरलें, आणि गरगर फिरवून फळीवर हाणलें. आवाज मनासारखा आला नाहीं! मोजा गेला, कस्टर्ड गेलें. ही आख्यायिका मात्र राहिली. ती कोणत्या भागाची, याविषयीं सांगणारांत एकवाक्यता नाहीं.

पुडिंगफेक्याची गोष्ट थोडक्यांत सांगतां येण्याजोगी नाहीं, कारण ती गोष्टच नव्हे. तरी तिची चाल अशी. मार खाणारी मिनी बॅनिस्टर (मिलिगन) आणि तिचा जोडीदार हेन्री क्रन (सेलर्स) हीं दोघें इतकीं म्हातारीं कीं, त्यांचें एक वाक्य पुरें होईपर्यंत दुसरा गुन्हा घडून जावा. तपासास निघतो नेडी सीगून (सीकोम): उत्साह हत्तीचा, अक्कल मुंगीची. तो पुडिंगाच्या मागावर सैन्यांत शिरतो, आफ्रिकेंत जातो. तेथें आमचा खास परिचयाचा मेजर ब्लडनॉक भेटतो. मध्येंच एक गॅसची शेगडी कथेंत शिरते. शेवटीं एका नावेंत सीगून आणि मोरिआर्टी, म्हणजेच खुद्द पुडिंगफेक्या, भर समुद्रांत भरकटत आहेत. अन्न संपलें आहे. उरलें आहे एकच पुडिंग, आणि तें तर गुन्ह्याचा एकुलता एक पुरावा! खावें तर पुरावा नष्ट. न खावें तर न्यायासाठीं उपाशीं मरण. येथेंच निवेदक मध्यें पडून सांगतो कीं, सीगूननें काय करावें हें श्रोत्यांनींच ठरवून कळवावें. आणि ज्यांस गोड शेवटच पाहिजे असेल त्यांच्यासाठीं, मंद संगीताच्या साथींत एक पुरुष दुसऱ्या पुरुषास लग्नाची मागणी घालतो, दुसरा ती लाजत मान्य करतो, आणि कार्यक्रम संपतो.

ब्लडनॉकविषयीं थोडें अधिक. हा हिंदुस्थानांतून पेन्शन घेऊन परतलेला लष्करी साहेब: भित्रा, पैशास हपापलेला, पोटाच्या तक्रारींनीं बेजार, आणि तरीही साम्राज्याच्या नांवानें छाती पुढें काढणारा. पुण्याच्या लष्करांत अशी स्वारी आमच्या आजोबांनीं रस्त्याच्या कडेस उभें राहून पाहिली असेल. पण तिला हंसण्याची सोय त्यांस नव्हती. तें काम त्याच लष्करांत वाढलेल्या एका शिपायाच्या मुलानें केलें. मात्र त्याचीच दुसरी बाजू सांगणें भाग आहे. पुढील कांहीं भागांत मिलिगन व सेलर्स यांनीं लालकाका आणि बॅनर्जी अशीं दोन हिंदी पात्रें उभीं केलीं, आणि त्यांच्या बाबूशाही इंग्रजीवर श्रोत्यांस हंसविलें. ते आवाज बेमालूम आहेत. तरी ऐकतांना आम्ही हंसतां हंसतां थांबलों. ब्लडनॉकची थट्टा ही वरच्यास खालीं ओढणारी. लालकाकाची थट्टा आधींच खालीं बसविलेल्यास आणखी चिमटा घेणारी. एकाच लेखणींतून दोन्ही उतरल्या, हें खरें.

आतां ध्वनिमुद्रणाच्या नशिबाकडे वळूं. मंगळवारीं रात्रीं होम सर्व्हिसवरून हा भाग प्रसृत झाला. त्यापूर्वीं गून मंडळींचे चार मालांत मिळून नव्वदांहून अधिक भाग होऊन गेले होते. त्यांपैकीं आज ऐकावयास मिळणारे बोटांवर मोजण्याइतके आहेत. कोणी द्वेषानें ते नष्ट केले असें नव्हे. कार्यक्रम ही वर्तमानपत्रासारखी वस्तु, आजची उद्यां शिळी, अशी तेव्हांची समजूत. फीत महाग, पुसून पुन्हां वापरतां येणारी. तबकड्या ठेवावयास जागा लागते. आणि नटवादकांशीं झालेल्या करारांमुळें तोच कार्यक्रम वाटेल तितक्या वेळां पुन्हां लावण्याची मुभाही नसे. मग ठेवावयाचें कशास? अशा सयुक्तिक कारणांनीं देशोदेशींच्या नभोवाणींचें केवढें धन गेलें, त्याचा हिशेब कोणीच लावूं शकणार नाहीं.

या बाबतींत दुसऱ्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमच्या आजीच्या ओव्या व तिनें सांगितलेल्या कोंकणांतल्या गोष्टी वडीलबंधूंनीं एका फितीवर घेऊन ठेविल्या होत्या. घरांत लग्न निघालें. सनईची फीत पाहिजे म्हणून कोणीं तरी तीच फीत काढली. कोणीं, तें सर्वांस ठाऊक आहे व कोणी बोलत नाहीं. त्या फितीवर सनई अजून उत्तम वाजते. ती संपतां संपतां, अगदीं शेवटास, आजीचे तीन शब्द राहिले आहेत.

पांचव्या मालेपासून गून मंडळींचें नशीब पालटलें, तें बी. बी. सी. च्या व्यापारी खात्यामुळें. ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस नांवाचें एक खातें निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या दाबून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका असल्या दूरदूरच्या नभोवाणी केंद्रांस पुरवीत असे. या तबकड्या करतांना परदेशीं न कळणारे स्थानिक उल्लेख, कांहीं अति चावट वाक्यें, अशी कांटछांट होई. पण कांटछांट झालेलें कां होईना, घरीं पुसलें गेलेलें परमुलखीं जिवंत राहिलें. पुढें या तबकड्या, जुन्या फिती आणि हौशी श्रोत्यांनीं घरीं केलेलीं ध्वनिमुद्रणें एकत्र करून, गाळलेलीं वाक्यें जागच्या जागीं जोडून, कुशल तंत्रज्ञांनीं कित्येक भाग पुन्हां सबंध केले.

त्याहूनही विलक्षण प्रकार चौथ्या मालेचा. परदेशांतून गून शोस मागणी वाढली, तेव्हां अधिकाऱ्यांनीं मागचें कपाट उघडलें, तों आंत कांहीं नाहीं! संहितेचे कागद मात्र होते. मग १९५७-५८ मध्यें, आठव्या मालेच्या दिवसांत, चौथ्या मालेंतील चौदा भाग त्याच मंडळींनीं पुन्हां नव्यानें वाचले व ते "व्हिंटेज गून्स" या नांवानें परदेशीं गेले. आज आपण ते जुने म्हणून ऐकतों. वास्तविक ते चार वर्षांनीं वडील झालेल्या आवाजांनीं आपल्याच तरुणपणाची केलेली नक्कल आहे. पुडिंगफेक्यावर ती पाळी आली नाहीं. आणखी एक वर्ष आधीं तो लिहिला गेला असता, तर त्याचीही गत तीच.

गून शोची दहावी व शेवटची माला २८ जानेवारी १९६० रोजीं संपली. पुढल्याच वर्षीं ग्रीनस्लेड वारले. मिलिगनवर तर १९६२ मध्यें एक मौजेची आपत्ति आली. ज्या राज्यासाठीं तो लढला व जखमी झाला, त्या राज्याचा पासपोर्ट, जन्म हिंदुस्थानांत व बाप आयरिश म्हणून, त्यास सरळपणें मिळेना. राजनिष्ठेची शपथ घ्या म्हणाले. त्यानें ती घेतली नाहीं व तो आयरिश नागरिक झाला. नगरास जन्मल्याचा दाखला असा आडवा आला!

१९७२ हें बी. बी. सी. च्या पन्नाशीचें वर्ष. त्या निमित्तानें ३० एप्रिल रोजीं लंडनच्या कॅमडेन थिएटरांत तिघे पुन्हां एकत्र आले. कार्यक्रम प्रसृत झाला ५ ऑक्टोबरला. एडिंबरोचे ड्यूक प्रेक्षकांत होते. युवराज चार्ल्स आरमारांत गुंतल्यामुळें त्यांची तार आली. निवेदनास ग्रीनस्लेडच्या जागीं पहिल्या दिवसांतले निवेदक अँड्र्यू टिमथी आले. त्याच वर्षीं मिलिगनच्या निवडक संहितांचें पुस्तक निघालें, त्यांत पुडिंगफेक्या छापला गेला. पुढील वर्षीं अमेरिकेंतील एका वृत्तपत्रांत त्या पुस्तकाचें परीक्षण कोणीं लिहावें? बीटल्सपैकीं जॉन लेनननें! १९५४ सालीं तो लिव्हरपूलमधील चौदा वर्षांचा मुलगा होता. १९७४ मध्यें बी. बी. सी. नें तबकडी काढली, तिच्या एका अंगास हाच अर्धा तास होता. मग कॅसेट, मग चकती, आणि आतां तर तो हवेंतून कोठेंही उतरवून घेतां येतो.

सेलर्स १९८० मध्यें वारला, सीकोम २००१ मध्यें, मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ रोजीं. त्याचें थडगें विंचेल्सी येथें, बेक्सहिलच्याच ससेक्स किनाऱ्यावर आहे. दगडावर, आपण आजारी आहों असें आपण सांगितलेंच होतें, अशा अर्थाचें वाक्य त्याच्या इच्छेप्रमाणें कोरलें आहे. मात्र इंग्रजींत कोरण्यास चर्चच्या अधिकाऱ्यांची हरकत होती, म्हणून आयरिश भाषेंत.

आमच्या घरीं हा भाग पुतण्यानें आणला. गौरी-गणपतीस सर्व मंडळी जमली असतां त्यानें तो माजघरांत लावला व अवघड जागा थांबवून थांबवून समजावून दिल्या. पहिल्या पांच मिनिटांत तिघे उठून गेले. स्फोटाच्या वेळीं लहान मुलें हंसलीं, आणि त्यांच्यामुळें मोठीं. शेवटास निवेदकाचा प्रश्न आला, सीगूननें पुडिंग खावें कीं ठेवावें? तेव्हां आमचे काका, ज्यांची हयात वकिलींत गेली, ठासून म्हणाले कीं, पुरावा हा पुरावा. माणूस मेला तरी चालेल, मुद्देमालास हात लावतां कामा नये. वहिनी म्हणाल्या, अन्न टाकून मरणारा तो मूर्ख. आधीं खावें, मग कोर्टांत तोंडी सांगावें. काका म्हणाले, तोंडी सांगण्यावर कोणाचा विश्वास बसतो? मत घेतलें तेव्हां दोन्ही बाजूंस सारखीं मतें पडलीं. एक मत राहिलें होतें तें आमच्या आत्याबाईंचें. त्यांस अर्धवट ऐकूं येतें. त्यांस प्रश्न दोनदां ओरडून सांगितला. त्या म्हणाल्या, "तो दुसरा कोण नावेंत बसलाय, त्यालाही अर्धं द्या कीं रे."